मसूरचा फलाट, महाडचे तळे आणि आमच्या मुलीचा प्रश्न

गेल्या वर्षी सहा डिसेंबरला आम्ही दोन्ही मुलांना घेऊन चैत्यभूमीला गेलो. थोरली अकरा वर्षांची, धाकटा आठचा. कित्येक तास रांगेत उभे राहिलो. पाय दुखले, पण थोरलीने तक्रार केली नाही. शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवरून तिने स्वतः निवडून दोन पुस्तके घेतली. आपली पोर चळवळीत वाढते आहे, असे परतताना आम्ही नवरा-बायको एकमेकांना म्हणालो. थोडा अभिमानही वाटला.

पंधरा दिवसांनी शाळेत पालकसभा होती. थोरलीच्या मैत्रिणीची आई सहज म्हणाली, "सहा तारखेला तुम्ही हिच्या मामाकडे लग्नाला गेला होता ना? कसं झालं लग्न?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. कुठले लग्न आणि कुठला मामा!

घरी येऊन रागावलो नाही. जेवणे झाल्यावर विचारले, "असं का सांगितलंस गं?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुम्ही तरी खालच्या काकांना कुठं खरं सांगितलंय?"

खालचे काका म्हणजे आमचे घरमालक. हा लेख त्या एका प्रश्नामुळे लिहीत आहोत.

चार वर्षांपूर्वी आम्ही हे घर भाड्याने घेतले. त्याआधी तीन घरे हातची गेली होती. आडनाव विचारून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असे : मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, नॉनव्हेज चालते का. दुसऱ्या दिवशी फोन यायचा की घर नातेवाइकांना दिले. चौथ्या ठिकाणी मालकांनी आडनाव ऐकले. ते आडनाव मराठ्यांतही असते. ते म्हणाले, "म्हणजे आपल्यातलेच की!" आम्ही दोघेही हसलो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. चावी मिळाली. त्या वेळी सात वर्षांची थोरली आमचा हात धरून तिथेच उभी होती.

राहायला आल्यावर तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आम्ही आतल्या खोलीत लावला. हॉलमध्ये निसर्गचित्र लावले. मुलांना कारण सांगितले नाही. मुलांना कारण लागत नाही, ती फोटो कुठे आहे ते बघतात. दर रविवारी आम्ही बैठकांना जायचो, जातिअंतावर बोलायचो आणि घरी येताना जिना चढताना आवाज खाली करायचो. आमच्या पोरीने हा सगळा अभ्यासक्रम चार वर्षे नीट पाठ केला होता. मामाच्या लग्नाचे उत्तर तिने आमच्याच शाळेत शिकलेले होते.

आपला समाज प्रवासातूनच शिकला

आमच्या आजी-आजोबांना इतिहासाचे पुस्तक वाचता येत नव्हते. पण ते नागपूरला दीक्षाभूमीवर गेले, दादरला गेले, एक जानेवारीला भीमा कोरेगावला गेले. भाकरी-चटणी फडक्यात बांधून, मिळेल त्या गाडीने, पोरे कडेवर घेऊन गेले. आमच्या पिढीला इतिहास कळला तो या प्रवासांतून. दीक्षाभूमीच्या मैदानात आजीच्या मांडीवर झोपलेले आम्ही आज लेख लिहितो आहोत. ही परंपरा मोठी आहे आणि ती टिकली पाहिजे.

पण गर्दीच्या दिवशी एक गोष्ट होत नाही. मुलाला प्रश्न विचारता येत नाही. एका हाताने त्याचे मनगट घट्ट धरलेले असते, दुसऱ्या हातात पिशवी असते, लाऊडस्पीकर चालू असतो. मूल घोषणा शिकते. घोषणेच्या मागचा माणूस, त्याची भीती, त्याची तहान हे सगळे गर्दीत राहून जाते. म्हणून आम्ही ठरवले की मे महिन्याच्या सुट्टीत, कुठलीही जयंती-पुण्यतिथी नसलेल्या साध्या दिवशी, मुलांना घेऊन निघायचे. कुठे जायचे, ते बाबासाहेबांच्याच एका छोट्या पुस्तकाने ठरवले.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. बाबासाहेबांच्या हयातीत ते छापले गेले नव्हते. त्यातल्या त्यांच्या स्वतःच्या आठवणी नीट पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. त्या जवळजवळ सगळ्या प्रवासातल्या आहेत. १९०१ साली मसूर ते गोरेगाव. परदेशातून शिकून आल्यावर बडोद्यात राहायला जागा न मिळणे आणि पारशी म्हणून पथिकाश्रमात राहण्याची पाळी येणे. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी नकार दिल्यावर नवख्या माणसाने हाकलेल्या टांग्याला झालेला अपघात. १९३४ साली सहकाऱ्यांसोबत वेरूळची लेणी पाहायला जाताना दौलताबादच्या किल्ल्यावर पाण्यावरून झालेला प्रकार. इतरांसाठी प्रवास म्हणजे मौज असते. आपल्या माणसांसाठी प्रवास म्हणजे ओळख उघडी पडण्याची जागा होती. गावात जात सगळ्यांना ठाऊकच असते. वाटेत ती विचारली जाते.

सातारा ते गोरेगाव

पुण्याहून निघालो तेव्हा खेड-शिवापूर आणि आनेवाडी असे दोन टोलनाके लागले. आमची गाडी पाच-सात सेकंद थांबली, पट्टी वर झाली, पुढे गेलो. पुढे याच नाक्यांची आठवण येणार होती.

साताऱ्यात आधी प्रतापसिंह हायस्कूल पाहिले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजींनी आपल्या मुलाला इथे दाखल केले. हाच दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. सुट्टी असल्याने शाळा बंद होती. फाटकापाशी उभे राहून आम्ही मुलांना सांगितले की शाळेत भिवाला वेगळे, कोपऱ्यात बसावे लागे. बसायचे गोणपाटसुद्धा रोज घरून न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, कारण शाळेचा गडी त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने सोडला तरच पाणी प्यायचे.

धाकट्याने विचारले, "आणि शिपाई सुट्टीवर असला तर?"

"तर पाणी नाही."

त्याच्या गळ्यात वॉटरबॅग होती. ती त्याने काही न बोलता हातात घेतली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

साताऱ्याहून मसूरला गेलो. पुणे-मिरज मार्गावरचे हे एक लहान स्टेशन. फलाटावरच्या बाकावर बसून थोरलीने त्या पुस्तकाच्या मराठी अनुवादातले पहिले प्रकरण मोठ्याने वाचायला घेतले. प्रसंग उन्हाळ्याच्या सुट्टीचाच. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून तिथे सरकारने तलाव खोदायला काढला होता. वडिलांनी मुलांना सुट्टीत बोलावले. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा मोठा भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुले असे चौघे नवे कपडे, नव्या टोप्या, नवे बूट घालून निघाले. संध्याकाळी पाचच्या सुमारास मसूरला उतरले. पत्र वेळेवर न कळल्याने न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. कपड्यांवरून त्यांना ही मुले ब्राह्मणाची वाटली होती. तुम्ही कोण, असे त्यांनी विचारले, आणि मुलाच्या तोंडून खरे निघून गेले : आम्ही महार आहोत. स्टेशनमास्तर मागे सरकले आणि निघून गेले.

इथे थोरली थांबली. पुस्तकात बोट घालून म्हणाली, "बघा. खरं सांगितलं म्हणूनच अडकले ना?"

आम्ही दोघेही चळवळीतली माणसे. व्याख्याने देतो, शिबिरे घेतो. त्या बाकावर आमच्याकडे उत्तर नव्हते. कारण ती म्हणत होती ते बरोबर होते. जात विचारणाऱ्या समाजात खरे बोलण्याची किंमत पडते आणि ती त्या मुलांनी रात्रभर मोजली. आम्ही तिला म्हटले, "पुढे वाच."

भाडे दुप्पट देतो म्हटले तरी गाडीवान तयार होईनात. शेवटी तोड निघाली. मुलांनी स्वतः बैल हाकायचे, गाडीवान बाजूने पायी चालणार. पैसे घेतल्याने विटाळ होत नव्हता, शेजारी बसल्याने होत होता. पुढे अंधार पडला, गाडीवान जेवून आला आणि काही वेळाने गुपचूप गाडीत मुलांच्या शेजारी येऊन बसला! मुलांना नवल वाटले, पण विचारायचे धाडस झाले नाही. हा भाग आम्ही चालत्या गाडीत वाचला. उसाचे मळे मागे पडून माळरान सुरू झाले होते.

धाकटा लगेच म्हणाला, "अंधारात कुणाला दिसत नव्हतं, म्हणून बसला."

आठ वर्षांच्या मुलाला जे एका वाक्यात कळले, त्यावर आपण शिबिरांत दोन-दोन तास बोलतो. विटाळ त्या गाडीवानाच्या अंगाला होत नव्हता. चार लोक काय म्हणतील, हा त्याचा विटाळ होता. बघणारा गेला की विटाळही गेला.

मग ते नाक्याचे प्रकरण आले. मध्यरात्रीच्या सुमारास गाडी जकातनाक्यापाशी पोहोचली. डब्यात खायला भरपूर होते, पण प्यायला पाणी नव्हते. वाटेत दिसलेले पाणी गुराढोरांच्या शेणामुताने गढूळ झालेले. नाकेदार हिंदू होता. गाडीवानाने सल्ला दिला की मुसलमान आहोत म्हणून सांगा, म्हणजे कदाचित पाणी मिळेल. मुलाने तसे केले. उर्दूत बोलून पाहिले. नाकेदाराने टेकडीवर पाणी आहे, हवे असेल तर जाऊन आणा, असे सांगून वाटेला लावले. चारही मुले उपाशी-तहानलेली झोपली.

गाडी आम्ही रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली थांबवली. थोरलीने विचारले, "म्हणजे बाबासाहेब खोटं बोलले?"

"हो."

"आणि तरी पाणी नाहीच मिळालं?"

"नाही मिळालं."

वडील जिथे तलाव खोदण्याच्या कामावर होते, तिथे जाणाऱ्या वाटेवर मुलाला घोटभर पाणी मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मुले गोरेगावला पोहोचली. आमच्या गाडीला सगळा रस्ता मिळून तासही लागला नाही.

त्या लिंबाखाली आम्ही मुलांना आमची गोष्ट सांगितली. तीन घरे कशी गेली, चौथ्या घरी आम्ही का हसलो, फोटो आतल्या खोलीत का आहे, हे सगळे. थोरलीच्या मनात चार वर्षे असलेल्या गोष्टीला आम्ही पहिल्यांदा शब्द दिले. सांगताना आमच्यापैकी एकाचा आवाज गेला, मग दुसऱ्याने सांगितले. मुले शांतपणे ऐकत होती. धाकट्याने विचारले, "म्हणजे आपलं घर टोलनाका आहे?" आम्हाला हसू आले आणि रडूही.

आम्हाला इथे चळवळीतल्या मित्रांना एक सांगायचे आहे. आपली कोंडी, आपले खोटे बाबासाहेबांनी लपवले नाही. लहानपणी धर्म खोटा सांगितला, बडोद्यात नाव बदलून राहावे लागले, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. ज्याने लपवायला लावले ती व्यवस्था गुन्हेगार आहे, लपवणारे तहानलेले मूल नाही, हे त्यांना स्पष्ट होते. म्हणून त्यांना ते लिहिताना लाज वाटली नाही. आपण मात्र मुलांसमोर कायम ताठ मानेचे, कधीही न झुकलेले आई-बाप म्हणून उभे राहतो. मुलांना आपले आडपडदे दिसत असतात. मग ती आपल्याकडून इतिहास शिकत नाहीत, आडपडदे शिकतात.

"कोवळ्या वयात विष कालवता"

या प्रवासाबद्दल कळल्यावर ऑफिसातले एक सहकारी म्हणाले, "लहान मुलांना कशाला असलं सांगता? मनात द्वेष बसतो." हा आक्षेप आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. त्याचे उत्तर देऊ या.

पहिली गोष्ट, मुलांना ते आधीच माहीत असते. आमच्या मुलीला आम्ही काहीच सांगितले नव्हते, तरी ती मामाचे लग्न रचायला शिकली होती. गप्प राहिल्याने मूल जातीपासून वाचत नाही, ते जातीशी एकटे झुंजत राहते. मसूरच्या फलाटावरच्या मुलाचे वय कुणी विचारात घेतले नव्हते.

दुसरी गोष्ट, अर्धवट सांगितले तर द्वेष बसू शकतो, हे आम्ही मान्य करतो. म्हणून पूर्ण सांगायचे. महाडला मार देणारे कोण होते ते सांगायचे आणि महाडलाच बाबासाहेबांबरोबर उभे असलेले सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे बापूसाहेब सहस्रबुद्धे यांची नावेही सांगायची. हे तिघेही जन्माने सवर्ण. आपला लढा माणसांच्या जन्माशी नाही, हे मुलांना उपदेशाने पटत नाही, नावांनी पटते.

तिसरी गोष्ट त्या सहकाऱ्यांसाठीच. जर्मनीत शाळकरी मुलांना नाझींच्या छळछावण्यांच्या स्मारकांत नेले जाते. ज्या समाजाने अत्याचार केला, त्याच समाजाच्या नातवंडांना तिथे नेतात. आपल्याकडे रायगडला जाणारी किती तरी कुटुंबे महाडवरून जातात. रायगड तिथून पंचवीसेक किलोमीटरवर. मुलांना घेऊन जरूर रायगड पाहावा, आम्हीही पाहतो. पण त्यातली किती कुटुंबे दहा मिनिटे चवदार तळ्यापाशी थांबतात? महाडचा इतिहास फक्त आमच्या मुलांनी शिकायचा का? अत्याचार सोसणाऱ्यांची मुले तो शिकतात आणि करणाऱ्यांच्या मुलांना त्याची खबरही नसते. द्वेषाची काळजी ज्यांना आहे, त्यांनी आपली मुले घेऊन यावे. आम्ही तिथे सतरंजी टाकून सोबत बसू.

चवदार तळे

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून महाबळेश्वरमार्गे आंबेनळी घाट उतरून पोलादपूर आणि तिथून महाड गाठले. घाटात धाकट्याला उलटी झाली. तळ्यापाशी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती.

मसूर आणि महाड एकाच प्रवासात दाखवायचे, हे आम्ही मुद्दाम ठरवले होते. नुसते मसूर दाखवले तर मूल खचते. नुसते महाड दाखवले तर त्याला वाटते की एक महापुरुष आला, ओंजळ भरली आणि सगळे संपले. मधली सव्वीस वर्षे कुणी दाखवत नाही. नाक्यावर खोटे बोलूनही पाणी न मिळालेला मुलगा पस्तीस वर्षांचा बॅरिस्टर होऊन इथे आला, तेव्हा त्याने काय काय आणले होते?

काठावर बसून आम्ही ते क्रमाने सांगितले. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केले. पण कागदावर. तीन वर्षे कुणाची हिंमत झाली नाही. १९ आणि २० मार्च १९२७ला परिषद भरली आणि २० तारखेला हजारो लोक शिस्तीने चालत या तळ्यावर आले, पाणी प्याले. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. अनेकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलट हात उचलू दिला नाही.

"नंतर तळं शुद्ध केलं म्हणे त्यांनी," थोरली म्हणाली. तिने वाचले होते. १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही, मंत्र.

धाकटा ओरडला, "शेण टाकून शुद्ध?" आणि लोटपोट हसला. आम्ही त्याला हसू दिले. इतिहास सांगताना मुलांनी गंभीरच राहिले पाहिजे असे नाही. जी गोष्ट हास्यास्पद आहे ती मुलांना हास्यास्पद वाटणे, हेही प्रबोधनच आहे.

नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. परिषदेला हिंदूंपैकी कुणी जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळली. पण मनाई हुकूम मोडायचा नाही, असे ठरले आणि लोक तळ्याचे पाणी न घेता परत गेले. पुढे दहा वर्षे खटला चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ला आपल्या बाजूने लागला.

"दहा वर्षं?" धाकट्याचे हसू थांबले. "मग तोपर्यंत पाणी कोण पीत होतं?"

"बाकी सगळे. गुरंढोरंसुद्धा."

थोरली बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग तिने जे विचारले त्यासाठीच जणू आम्ही इतके किलोमीटर आलो होतो. "इथं कुणी खोटं सांगितलं नाही ना, की आम्ही दुसरे कुणी आहोत म्हणून?"

"नाही. इथं सगळे स्वतःच्या नावाने आले."

"मग ते का नाही घाबरले?"

"घाबरले असतील. पण नाक्यावर चार पोरं एकटी होती. इथं हजारो होते. आणि त्यांच्याकडे ठराव होता, वकील होता, पुढारी होता."

तिला हे सांगता सांगता आमच्याच लक्षात आले की आम्ही कुठे चुकत होतो. "घाबरू नकोस, ताठ मानेने सांग" असे आपण मुलांना म्हणतो. वर्गात चाळीस मुलांमध्ये एकट्या मुलीला खरे बोलायला लावणे म्हणजे तिला मसूरच्या फलाटावर सोडून येणे आहे. स्वाभिमान हा एकट्या पोराकडून वसूल करायचा कर नाही. तो आधी आई-बापांनी दाखवायचा, मग सगळ्यांनी मिळून उभा करायचा. महाडला लोक जमवून मगच बाबासाहेब पाण्यावर गेले. आम्ही मात्र मुलीला पाण्यावर पाठवले होते आणि स्वतः अंधारात गाडीत बसून राहिलो होतो.

तळ्याचे पाणी आम्ही प्यालो नाही. वॉटरबॅगमधले चौघे प्यालो. संध्याकाळी क्रांतिस्तंभ पाहून मुक्कामाला गेलो.

घरी आल्यावर

जूनमध्ये भाडेकराराचे अकरा महिने संपत होते. त्याआधी आम्ही बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धमूर्ती हॉलमध्ये आणली. घरमालक करारासाठी वर आले तेव्हा दोन्ही मुलांना मुद्दाम समोर बसवले आणि सरळ सांगितले, "काका, तुम्ही पहिल्या दिवशी आपल्यातलेच का विचारलं होतं. आम्ही बौद्ध आहोत. तेव्हा सांगितलं नाही, कारण आधीची तीन घरं त्यामुळंच गेली होती." त्यांनी फोटोकडे पाहिले, चहाचा घोट घेतला. म्हणाले, "अहो, आम्ही कुठं असलं काही मानतो!" करारावर सही झाली. भाडे दरवर्षीसारखेच वाढले.

पण पूर्वी खालून सणासुदीला वाटी यायची. श्रावणात पुरण, गणपतीत मोदक. यंदा वाटी आली नाही. गौरीच्या हळदी-कुंकवाचे बोलावणेही आले नाही. हे पहिल्यांदा थोरलीच्या लक्षात आले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही खीर केली होती. ती म्हणाली, "मग आपण पाठवू." ती स्वतः वाटी घेऊन खाली गेली. काकूंनी दारातच घेतली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, स्वच्छ धुतलेली आणि रिकामी. आपल्याकडे भांडे रिकामे परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, हे थोरलीलाही माहीत आहे.

"त्यांनी खाल्ली असेल का?" तिने विचारले.

"माहीत नाही."

"पुढच्या वेळी परत नेईन."

आम्ही तिला खोटा धीर दिला नाही. १९२७ आणि १९३७ यांच्यामध्ये दहा वर्षे होती, हे तिला आता ठाऊक आहे.

यंदाच्या सहा डिसेंबरनंतर त्याच मैत्रिणीने तिला विचारले, कुठे गेली होतीस. ती म्हणाली, "चैत्यभूमीला." मैत्रिणीने विचारले, "तिथं काय असतं?" थोरलीने दप्तरातून स्टॉलवर घेतलेले पुस्तक काढून दाखवले. मैत्रिणीने ते वाचायला घरी नेले. ते परत येईल का, कसे येईल, आम्ही वाट बघतो आहोत.

मित्रांनो, आपल्याकडे दाखवण्यासारखा इतिहास भरपूर आहे आणि तो फार लांब नाही. साताऱ्याची शाळा, मसूरचा फलाट, महाडचे तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, येवला, दीक्षाभूमी. गर्दीच्या दिवशी जाच, पण एकदा साध्या दिवशीही जा. सोबत बाबासाहेबांचे पुस्तक न्या आणि मुलांनाच मोठ्याने वाचू द्या. त्यांनी थांबवले तिथे थांबा. अपमान आणि लढा एकाच प्रवासात दाखवा. मुले विचारतील की तुमच्या वेळी काय झाले, तेव्हा स्वतःच्या कोंडीची गोष्ट खरी सांगा. आणि घरी परतल्यावर फोटो कुठल्या खोलीत आहे, ते एकदा बघा.

जय भीम!